अर्ध्या गुणाचा इतिहास

सुटीत माणूस काय करील याचा नेम नाही. आमच्या शाळेतले एक गुरुजी दिवाळीच्या सुटीत दरवर्षी न चुकता घराला चुना काढतात. दुसरे एक सहकारी आहेत, ते पंधरा दिवस गावाकडच्या ओसरीवर नुसते झोपून काढतात आणि शाळा उघडली की थकल्यासारखे दिसतात. मी माझ्या दोन्ही कादंबऱ्या सुटीतच लिहिल्या. त्या वाचून, मीही झोपलो असतो तर बरे झाले असते, असे कित्येकांना वाटले असेल. असो.

हॉलंडमधल्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरी १९८९ सालच्या डिसेंबरात एका तेहतीस वर्षांच्या गृहस्थाला अशीच नाताळची सुटी लागली. त्याचे नाव गिडो व्हान रॉसम. गणित आणि संगणकशास्त्र यांच्या ज्या संशोधनसंस्थेत तो नोकरीला होता, ती सुटीत बंद. घरी मात्र एक संगणक होता. आठवडा काढायचा कसा, या विचाराने त्याने एक नवी संगणक-भाषा रचायला घेतली. त्याच संस्थेत 'एबीसी' नावाची एक भाषा पूर्वी झाली होती. ती शिकायला सोपी होती, पण चालली नाही. तिच्यात काय चांगले होते आणि ती कुठे अडली, हे गिडोने जवळून पाहिले होते. नव्या भाषेला त्याने नाव दिले 'पायथन'. पायथन म्हणजे अजगर खरा. पण गिडोच्या मनात अजगर नव्हता, बीबीसीवरचा मॉंटी पायथन मंडळींचा विनोदी कार्यक्रम होता. फेब्रुवारी १९९१ मध्ये ही भाषा त्याने जगापुढे ठेवली आणि पुढच्या तीस वर्षांत ती शाळकरी पोरांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत सर्वांच्या हाती गेली.

या सुटीतल्या उद्योगाने चौतीस वर्षांनंतर आमच्या शाळेतल्या एका मुलाला नववीत नापास केले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिक. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. त्यापुढे जे काही शिकलो ते कुंचल्याने. अक्षर बरे म्हणून निकालपत्रके लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे. पहिल्या सत्राचे गुण, दुसऱ्या सत्राचे गुण, दोन्हींची सरासरी, अर्धा आला तर पुढचा पूर्ण धरायचा, पस्तीसच्या खाली तांबडी रेघ. २०१४ साली आमचा एक माजी विद्यार्थी, जो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, सुटीत गावी आला. माझी बोटे शाईने माखलेली पाहून त्याला दया आली असावी. "सर, हे सगळं मशीन करील," असे म्हणून त्याने चार दिवसांत पायथन भाषेत एक आज्ञावली लिहून दिली. शाळेच्या कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्यावर 'उबुंटू' नावाची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. आज्ञावलीने नऊ वर्षे बिनबोभाट काम केले.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तो संगणक बंद पडला. नवा आला, त्यावर उबुंटूही नवी आली. आज्ञावली जुन्यातून काढून नव्यात घातली, आणि हुकूम सोडताच उत्तर मिळाले की पायथन नावाचे येथे कोणी नाही. संगणक बसवायला आलेला तरुण हसला. म्हणाला, "आहे, पण आता त्याला पायथन-तीन म्हणायचं." त्या नावाने हाक मारली तर दुसरी तक्रार आली: छापण्याच्या आज्ञेला कंस नाहीत. त्याने पाच मिनिटांत जागोजागी कंस घातले. आज्ञावली सुरू झाली, निकालपत्रके धडाधड छापून निघाली, आणि सर्वांनी चहा घेतला.

हे कंस आले कुठून, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही. पुढे पडला, आणि मग मी त्याच्या मागेच लागलो.

पायथनसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली संगणक थेट वाचत नाही. मध्ये एक दुभाष्या असतो. आज्ञावली हे पत्र समजा. दुभाष्या ते ओळीओळीने वाचतो आणि यंत्राला समजावून सांगतो. पत्राच्या पहिल्या ओळीत बहुधा पत्ता असतो, की अमुक वाड्यात अमुक नावाचा दुभाष्या राहतो, त्याला बोलवा. आता तो दुभाष्या जाऊन त्याच्या जागी, त्याच नावाचा पण नवे व्याकरण बोलणारा त्याचा पुतण्या आला, तर काय होईल? जुनी पत्रे त्याच्याच हाती पडणार. काही त्याला कळणार नाहीत. ती तो परत फेकील. आणि काही त्याला कळतील, पण वेगळी कळतील. यातली दुसरी गोष्ट अधिक वाईट.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातली पहिली वाचता येईनाशी होत नाही. भाषेच्या दुभाष्याची नवी आवृत्ती निघाली की नेमके तेच होऊ शकते. म्हणून भाषा करणारे लोक जुने सहसा मोडत नाहीत. नवे शेजारी ठेवतात. गिडो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र ३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी मुख्य आवृत्ती काढली ती सांगून-सवरून, की ही जुन्याशी जुळणार नाही.

त्यांनी हे का केले? गंमत म्हणून खास नव्हे. वीस वर्षांत भाषेत काही दोष इतके रुजले होते की ते उपटल्याशिवाय जाणार नव्हते. एक भागाकाराचा. जुन्या पायथनला तीन भागिले दोन विचारले तर उत्तर एक. अपूर्णांक गेला कुठे? तर दोन्ही संख्या पूर्ण असल्या की उत्तरही पूर्णच द्यायचे, अशी त्याची रीत. यंत्राच्या दृष्टीने ती सोयीची होती आणि 'सी' भाषेपासून चालत आली होती; पण गणिताच्या वर्गात असे उत्तर देणाऱ्याला आमच्या बाईंनी बाकावर उभे केले असते. २००१ सालीच ही रीत बदलायचे ठरले, पण प्रत्यक्ष बदलायला २००८ उजाडले, कारण तिच्यावर विसंबून लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्यांचे उत्तर त्या क्षणी बदलणार होते.

दुसरा दोष मोठा, आणि त्याचा आपल्याशी, म्हणजे देवनागरी लिहिणाऱ्यांशी, जवळचा संबंध आहे. पायथन जन्मला फेब्रुवारी १९९१ मध्ये. जगातल्या सर्व लिप्यांना एकेक क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड'चा पहिला ग्रंथ निघाला त्याच वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे भाषा थोरली आणि लिप्यांची जंत्री धाकटी. थोरलीला अक्षर म्हणजे रोमन अक्षर, एका अक्षराला एक घर, एवढेच ठाऊक. पुढे १९९२ मध्ये केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता-जेवता, ताटाखालच्या कागदावर, युनिकोडची अक्षरे साठवण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली. तीत रोमन अक्षराला एक घर पुरते, देवनागरीला तीन लागतात.

आता गंमत पाहा. 'दिवाळी' हा शब्द घ्या. आपण तो तीन अक्षरी म्हणू: दि, वा, ळी. जुन्या पायथनला या पद्धतीने साठवलेला हा शब्द किती लांब म्हणून विचारले तर तो सांगे, अठरा. तो अक्षरे मोजतच नव्हता, घरे मोजत होता. नवा पायथन सांगतो, सहा. द, वेलांटी, व, काना, ळ आणि पुन्हा वेलांटी, असे युनिकोडचे सहा क्रमांक. आपल्या तीनपर्यंत अजून तोही आलेला नाही. पण अठरावरून सहावर आला हे काही थोडे नव्हे.

२००० साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची सोय केली होती. पण ती कशी? जुनी घरांची मालिका तशीच ठेवली आणि युनिकोडची मालिका शेजारी बसवली. दोन्ही एकमेकींत मिसळता येत. मजकूर शुद्ध रोमन असेपर्यंत काही बिघडत नसे. आज्ञावली महिनोन् महिने सुरळीत चाले, आणि ज्या दिवशी एखाद्या फ्रेंच माणसाच्या नावातले टोपीवाले अक्षर किंवा आपल्याकडचे एखादे 'ज्ञानेश्वर' तिच्यात शिरे, त्या दिवशी ती मध्येच कोसळे. इंग्रजी लिहिणाऱ्या कारागिराला हा दोष कधी दिसायचाच नाही. तो दिसे पलीकडच्या गिऱ्हाइकाला. तिसऱ्या आवृत्तीने हा मिलाफ बंद केला. मजकूर निराळा, घरे निराळी. एकातून दुसऱ्यात जायचे तर पद्धत सांगून जा. शिवाय आज्ञावलीतली नावेही वाटेल त्या लिपीत लिहायला परवानगी दिली. 'गुण', 'बेरीज' अशी नावे ठेवून आज खुशाल आज्ञावली लिहिता येते. मी लिहून पाहिली आहे. चालते.

तेव्हा बदल अन्यायाचा नव्हता. परंतु तो पचायला किती काळ लागेल याचा अंदाज मात्र साफ चुकला. वर्षापाच वर्षांत लोक नव्याकडे येतील अशी अटकळ होती, लागली बारा. कारण उघड आहे. कोणतीही आज्ञावली एकटी नसते. ती दुसऱ्याच्या तयार संग्रहांवर उभी, ते तिसऱ्याच्या. खालच्याने हलायचे नाही तोवर वरच्याला हलता येत नाही. आणि वरची गिऱ्हाइके जुन्यातच बसली आहेत तोवर खालच्याने कशाला हलावे? आमच्या गावात गटाराचे काम असेच अकरा वर्षे रेंगाळले होते.

जुन्याचे नव्यात भाषांतर करणारी 'टू-टू-थ्री' नावाची एक आज्ञावली सुरुवातीपासून सोबत दिली होती. ती कंस घालून देई, शब्द बदलून देई. पण शब्द तोच राहून अर्थ बदलला असेल तेथे ती तरी काय करणार? भागाकाराची खूण जुन्यात तीच, नव्यात तीच. मूळ लेखकाच्या मनात कोणते उत्तर होते, हे भाषांतरकाराला कळत नाही. माझ्या कादंबरीतल्या एका प्रकरणाचे हिंदी करणाऱ्या गृहस्थांनाही ते कळले नव्हते, आणि ते तर माणूस होते.

लोकांनी मग निराळी वाट काढली. दोन्ही दुभाष्यांना कळेल अशा मधल्या बोलीत लिहायचे. तीसाठी 'सिक्स' नावाचा एक छोटा संग्रह बेंजामिन पीटरसन याने केला. दोन त्रिक सहा, म्हणून हे नाव. भाषेच्या कर्त्यांनीही एक पाऊल मागे घेतले. युनिकोड मजकुरापुढे जुन्यात एक 'यू' लिहावा लागे, तो तिसऱ्या आवृत्तीत चूक ठरवला होता. २०१२ साली तो पुन्हा चालवून घेतला. पण मूळ गोष्टीवर ते ठाम राहिले. जुन्याची अखेरची आवृत्ती दोन-पूर्णांक-सात जुलै २०१० मध्ये निघाली. दोन-पूर्णांक-आठ कधी निघेल म्हणून लोक विचारू लागले, तेव्हा २०११ मध्ये त्यांनी एक रीतसर पत्रक काढले: निघणार नाही. पत्रकाला क्रमांक दिला ४०४. मागितलेले पान सापडत नाही हे सांगायला संगणकांचे जाळे जो आकडा वापरते, तोच हा. मॉंटी पायथनचे नाव घेतलेल्या मंडळींना एवढा विनोद शोभतोच. अखेरची मुदत प्रथम २०१५ ची होती. २०१४ मध्ये ती वाढवून २०२० केली. १ जानेवारी २०२० पासून जुन्याची डागडुजी बंद, आणि त्या एप्रिलमध्ये उरलीसुरली दुरुस्ती घालून शेवटची प्रत काढली.

शेजारच्या भाषांचे काय झाले? 'पर्ल' भाषेची सहावी आवृत्ती २००० साली जाहीर झाली. ती निघायला २०१५ चा नाताळ उजाडला, आणि ती इतकी निराळी निघाली की २०१९ मध्ये तिला 'राकू' हे वेगळे नाव देऊन घर वेगळे करावे लागले. 'पीएचपी'च्या लोकांनी युनिकोडसाठीच सहावी आवृत्ती हाती घेतली, ती अर्ध्यावर सोडली आणि पाचवरून एकदम सातवर उडी मारली. पायथन रडतखडत का होईना, पण एकसंध पार पडला.

आतापर्यंत भाषेबद्दल झाले. खरी दाटी झाली ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरात. लिनक्सच्या अनेक घराण्यांनी आपली स्वतःची घरकामे पायथनमध्येच लिहून घेतली होती. रेड हॅट आणि सेंटओएस या घराण्यांत नवी आज्ञावली बसवणे, जुनी काढणे ही कामे करणारा जो कारभारी होता, त्याचे नाव 'यम'. हा यम पायथनमध्ये लिहिलेला, आणि त्याच्या पहिल्या ओळीतला पत्ता नुसता 'पायथन', आवृत्तीचा आकडा नाही. सेंटओएसच्या पाचव्या आवृत्तीत पायथन होता दोन-पूर्णांक-चार, सहावीत दोन-पूर्णांक-सहा, सातवीत दोन-पूर्णांक-सात. घराणे जुन्यावर समाधानी. कारण मोठ्या कचेऱ्यांना दहा-दहा वर्षे काही न बदललेले हवे असते. पण त्या यंत्रावर काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला नवा पायथन हवा असे. तो बाहेरून नवा आणी, आणि 'पायथन' या नावाची पाटी जुन्याच्या दारावरून काढून नव्याच्या दारावर लावी. त्याची आज्ञावली चाले. दुसऱ्या दिवशी काही बसवायला जावे तर यम गतप्राण! चुका पकडण्याची त्याची जुनी वाक्यरचना नव्या दुभाष्याला व्याकरणदोष वाटे. आणि दुरुस्तीसाठी काही आणावे तर आणणारा यमच. यम मेला म्हणून माणसे अमर होतात हे पुराणात ठीक. येथे काहीच होईनासे होई. जाणकार मग पाटी परत जुन्या दारावर लावीत, किंवा यमाच्या पहिल्या ओळीत दोनचा आकडा घालीत. हा प्रसंग जगभर इतक्या कचेऱ्यांत इतक्या वेळा घडला आहे की त्याला लोककथाच म्हणावे.

पाटी कोणाच्या दारावर असावी याबद्दल घराण्या-घराण्यांत एकमत नव्हते. 'आर्च' लिनक्सने ऑक्टोबर २०१० मध्येच 'पायथन' ही पाटी तिसऱ्याला देऊन टाकली. इतर घराण्यांत ती दुसऱ्याकडेच होती. एकच पत्र एका घरी एकाला मिळे, दुसऱ्या घरी दुसऱ्याला. २०११ साली यासाठी एक शिफारसपत्र तयार झाले: ज्याला जो हवा त्याने 'पायथन-दोन' किंवा 'पायथन-तीन' असे स्पष्ट लिहावे. रेड हॅटने २०१९ च्या आठव्या आवृत्तीत निराळा मार्ग धरला. घरकामाचा पायथन आतल्या खोलीत वेगळ्या नावाने ठेवला, आणि बाहेरची पाटी कोरी सोडली. मालकाने हवी तर लावावी. स्वयंपाकघरातल्या पातेल्याने पोरांनी रंग कालवू नयेत म्हणून आमच्या घरातही हीच व्यवस्था आहे. उबुंटूने एप्रिल २०२० च्या आवृत्तीत जुन्याला मुख्य घरातून काढले आणि पाटी कोरी ठेवली; ज्यांना सवय सुटत नाही त्यांच्यासाठी एक चिमुकला जोड दिला, त्याचे नावच मुळी 'पायथन म्हणजे पायथन-तीन'. ॲपलने आपल्या संगणकांतून जुना काढला तो मार्च २०२२ मध्ये.

आमच्या शाळेत 'येथे कोणी नाही' असे जे उत्तर मिळाले, ते या कोऱ्या पाटीमुळे. त्यात काही वाईट नव्हते. पत्र परत आले, आपण पत्ता सुधारला. कंसांची तक्रारही तशीच उघड होती. वाईट होते ते पत्राच्या पोटात.

निकाल लागून तिसरा दिवस होता. गणिताच्या बाई आपली वही घेऊन माझ्याकडे आल्या. या बाई तीस वर्षे गणित शिकवत आहेत. संगणकाचा निकाल आला तरी आपल्या विषयाचे गुण त्या हाताने वहीत मांडतातच. आम्ही त्यांची थट्टाही करत असू. बाई म्हणाल्या, "सर, ह्या मुलाचे पहिल्या सत्रात तेहतीस, दुसऱ्यात छत्तीस. एकोणसत्तर. माझ्या वहीत पस्तीस आहेत, तुमच्या कागदावर चौतीस."

मुलगा नापास झाला होता. सवलतीचे गुण इंग्रजीत आधीच खर्ची पडले होते. गणितात एक गुण कमी. वडिलांनी कागद पाहिला, फार बोलले नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मामाच्या ओळखीने शहरातल्या एका गॅरेजात नेऊन ठेवले. पुनर्परीक्षेची गोष्ट घरात कोणी काढलीच नाही.

मी म्हटले, छपाईची चूक असेल. बाईंनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसल्या. आम्ही दोघांनी नववीच्या दोन्ही तुकड्यांचे गणिताचे गुण ताडून पाहिले. काहींचे बरोबर, काहींचे एकाने कमी. त्र्याऐंशीचे अर्धे साडेएकेचाळीस. कागदावर बेचाळीस, बरोबर. पंच्याऐंशीचे अर्धे साडेबेचाळीस. कागदावर बेचाळीसच, चूक. तेच यंत्र एका अर्ध्याला पुढे ढकलते आणि दुसऱ्याला मागे ओढते! मला काही उमगेना. बाई पेन्सिलीने समासात आकडे मांडत होत्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "बेरजेला चारांनी भागा. बाकी एक उरली की तुमचं मशीन गुण खातं. तीन उरली तर नाही." पुढची दोन पाने आम्ही त्या नियमाने तपासली. एकही अपवाद निघाला नाही. म्हणजे दर चार नोंदींमागे साधारण एक नोंद एका गुणाने खाली आली होती, आणि सत्तर-ऐंशी मिळवणाऱ्यांच्या घरी एका गुणाची चौकशी कोणी करत नाही.

रात्री मी त्या माजी विद्यार्थ्याला फोन लावला. आता तो पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. सगळे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी तिथं दोन नव्हते लिहिले, दोन दशांश शून्य लिहिले होते. जुन्या भागाकारात अर्धा हरवतो हे मला ठाऊक होतं, म्हणून. हा दुसरा खड्डा मला ठाऊक नव्हता."

दुसरा खड्डा असा. अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर आणण्याची पायथनमध्ये एक आज्ञा आहे, 'राउंड'. जुना दुभाष्या नेमका अर्धा आला की पुढचा पूर्णांक देई. साडेचौतीसचे पस्तीस, आपण शाळेत शिकतो तसे. तिसऱ्या आवृत्तीत नियम बदलला: नेमका अर्धा आला तर जवळची सम संख्या घ्यावी. साडेचौतीसचे चौतीस, साडेपस्तीसचे छत्तीस. हाही बदल उगाच केलेला नाही. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर हजारो आकड्यांची बेरीज हळूहळू फुगते. निम्मे वर, निम्मे खाली गेले तर तोल राहतो. संगणकातल्या दशांश गणिताचे जे मानक १९८५ मध्ये ठरले, त्यातही हीच रीत मुख्य धरली आहे. मोठ्या हिशेबाला हे रास्त आहे. पण आमचे आकडे हजारोंच्या बेरजेत जाऊन विरघळणारे नव्हते. त्यातल्या एकेकाखाली एकेका मुलाचे नाव होते. आज्ञेचे नाव तेच, वाक्यरचना तीच, तक्रार कसलीही नाही. कंस घालणाऱ्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला जेथे अडले तेथे त्याने सोडवले. जेथे अडलेच नाही तेथे कोण पाहतो? भाषांतर करणाऱ्या त्या 'टू-टू-थ्री'नेही ही ओळ जशीच्या तशी ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळे निकाल परत मागवले. कुरकुर झाली, ती होणारच. मी आणि बाई त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडील ट्रक घेऊन बाहेरगावी गेले होते. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला दुभाष्याचे आणि सम संख्येचे मी काय सांगणार? बाईंनीच सांगितले, "चूक आमची झाली. पोरगं पास आहे." ती म्हणाली, "त्यानं तिथं पाच दिवस काम केलंय, त्याचे पैसे देतील का हो ते?" मुलगा त्या आठवड्यात परत आला, आणि जूनमध्ये दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसला. चित्रकलेच्या तासाला त्याने मला एक इंजिन काढून दाखवले. त्यातल्या भागांची नावे मला ठाऊक नव्हती, त्याला होती.

माजी विद्यार्थ्याने रविवारी येऊन आज्ञावली सुधारली. पहिल्या ओळीत 'पायथन-तीन' असे स्पष्ट लिहिले, आणि राउंडची आज्ञा काढूनच टाकली. तिच्या जागी बेरजेत एक मिळवायचा, दोनांनी भागायचे आणि बाकी उरेल ती सोडून द्यायची. एकोणसत्तर आणि एक सत्तर, अर्धे पस्तीस. अडुसष्ट आणि एक एकोणसत्तर, अर्धे चौतीस, बाकी सोडली. पूर्णांकांचा भागाकार असल्यामुळे जुना दुभाष्या असो की नवा, उत्तर एकच. त्याने मोठ्या उत्साहाने बाईंना ती ओळ दाखवली. बाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "मी तीस वर्षं असंच करते की रे. विचारायचंस."

२०१९ मध्ये पायथनच्या मंडळींनी ठरवले की इथून पुढे दरवर्षी ऑक्टोबरात एक नवी आवृत्ती काढायची. ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीतून ते भाषांतरकार 'टू-टू-थ्री'ही निवृत्त झाले. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आता पायथनचाही अंक निघतो. तो निघाला की आमचा विद्यार्थी पुण्याहून फोन करतो, काय बदलले ते मला समजेल अशा भाषेत सांगतो. मी ते एका वहीत उतरवून बाईंना दाखवतो. गेल्या खेपेस त्यांनी वाचून वही परत दिली आणि विचारले, "ह्यात अर्ध्याचं काही नाही ना?"